स्मरणार्थ पाणपोई की प्रशिक्षण?

जालना-मंठा रस्त्यावर परतूरला जाणारी वाट जिथे मिळते, तो वाटूर फाटा काय किंवा मराठवाड्यातला दुसरा कुठला फाटा काय, गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची रीत सगळीकडे सारखीच. पहिल्या आठवड्यात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स, वर्षश्राद्धाला कीर्तन आणि पंगत. ऐपत असेल तर देवळाला पायऱ्या, शाळेला पाण्याची टाकी, दहावीत पहिल्या येणाऱ्याला रोख बक्षीस, आणि प्रत्येकावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही पाटी. घरातल्या तरुण पोराने किंवा पोरीने आत्महत्या केली असेल तर मात्र घर गप्प होतं. देणगी द्यायची इच्छा असते, पण कशासाठी द्यायची ते सुचत नाही. पुढचं कुणाचं तरी लेकरू वाचावं म्हणून तो पैसा कसा लावता येईल, त्याची ही माहिती.

किती मोठा प्रश्न आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात होत्या. इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. देशभरात जीव दिलेल्यांमध्ये १३,०४४ विद्यार्थी होते. आपल्याकडे आत्महत्या म्हटलं की शेतकरी डोळ्यापुढे येतो आणि तो यावाच. पण त्याच घरातलं शिकणारं पोर या चर्चेत कुठेच नसतं. त्याची बातमी दोन ओळींची असते आणि कारणही ठरलेलं: ‘नापास झाल्याने’, ‘मोबाइल न दिल्याने’. एवढ्या एका कारणाने कुणी जीव देत नाही. त्यामागे बहुधा बरेच दिवस साचलेलं काहीतरी असतं, आणि ते ओळखायला शिकवता येतं.

टाटांनी काय केलं

मराठवाड्यात ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की कॅन्सर झालाय हे न सांगता कळतं. मुंबईचं ते टाटा रुग्णालय उभं राहिलं स्मरणार्थ आणि दानातल्या पैशातूनच. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने याच आजाराच्या संशोधनासाठी न्यास काढला आणि आपली बहुतेक सगळी संपत्ती दुसऱ्या एका न्यासाला देऊन टाकली. त्याच वर्षी तेही गेले. या दुसऱ्या न्यासाच्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४१ मध्ये रुग्णालय उघडलं. या सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही मानसिक समुपदेशनाची फोनसेवा सुरू केली. एका मृत्यूच्या दुःखातून निघालेला पैसा ऐंशी वर्षांनी परक्या पोराचा फोन उचलतो, तो असा.

आपली देणगी टाटांच्या मानाने चिमूटभर असणार हे खरं. पण दोराबजींची रीत उचलण्यासारखी आहे. ज्या दुखण्याने माणूस गेलं, पैसा त्याच दुखण्यावर लावायचा आणि तो दगडविटांपेक्षा शिकलेल्या माणसांवर जास्त खर्च करायचा.

विदर्भातला दाखला

टाटा ट्रस्ट्सच्याच मदतीने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गोव्याची ‘संगथ’ आणि नागपूरची ‘प्रकृती’ या संस्था त्यात होत्या. गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला शिकवलं, त्यांच्यावर थोडे जास्त शिकलेले समुपदेशक नेमले आणि अवघड रुग्ण तेवढे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी ४.३ टक्केच कुणाकडे तरी मदतीला जात होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झालं. मागच्या वर्षभरात जीव द्यावासा वाटल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. कार्यक्रम न झालेली गावं तुलनेला घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच द्यायला नको. तरीही अमरावतीची कापूस-सोयाबीनची गावं आणि परतूर-मंठ्याची गावं यांत फार अंतर नाही.

प्रशिक्षणात शिकवतात काय

पुष्कळांना वाटतं, प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण, हार-तुरे आणि शेवटी नाश्ता. असल्या कार्यक्रमाला एक रुपयाही देऊ नये. खऱ्या प्रशिक्षणात माणसांना समोरासमोर बसवून बोलायला लावतात. एक जण मुलगा होतो, दुसरा शिक्षक. पहिल्या फेरीत शिक्षकाच्या तोंडून हमखास येतं, “अरे, एवढ्यावरून तोंड पाडून बसायचं? आमच्या वेळी तर...” मुलगा तिथेच मिटतो. मग पुन्हा करायचं.

“काय रे, पंधरा दिवस झाले, खेळायला येत नाहीस.”

“काही नाही, सर.”

“घाई नाही. बस. जेवण-झोप होतीय का नीट?”

“झोप नाही येत.”

“कधी जीव नकोसा वाटतो का? मरून जावं, असं मनात येतं का?”

हा शेवटचा प्रश्न तोंडातून निघत नाही, सगळा सराव त्याच्यासाठीच. असं विचारलं तर नसता विचार पोराच्या डोक्यात भरेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. अभ्यासांत मात्र तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याने जीव हलका होतो. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करायचा नाही, शपथा घालायच्या नाहीत, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. पोराला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगून फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावायचं आणि त्याच दिवशी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरशी गाठ घालून द्यायची.

एकदा शिकवून भागत नाही

अमेरिकेतले सिनेटर गॉर्डन स्मिथ यांचा मुलगा गॅरेट २००३ मध्ये आत्महत्येने गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने कायदा झाला आणि तरुणांच्या आत्महत्या रोखण्याच्या कामाला सरकारी पैसा मिळू लागला. ज्या भागांत त्या पैशातून प्रशिक्षणं झाली, तिथे पुढच्या वर्षी तरुणांचे मृत्यू कमी झालेले दिसले. पण पहिल्या पाहण्यांत हा परिणाम वर्षभराने ओसरला होता. काम जिथे वर्षानुवर्षं चालू राहिलं, तिथे तो टिकला.

युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. फक्त शिक्षकांना शिकवून फारसा फरक पडला नाही. मुलांनाच गटात बसवून ताण, नैराश्य आणि मदत मागणं यांवर बोलतं केलं, तिथे आत्महत्येचे प्रयत्न निम्म्यावर आले. म्हणून पैसा फक्त गुरुजींवर संपवू नये. पुण्याची ‘कनेक्टिंग ट्रस्ट’ शाळकरी मुलांतूनच सोबती तयार करते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने ‘मानसमित्र’ तयार केले. देणगीदाराला नवं काही शोधायची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शाळा-महाविद्यालयांतल्या सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असं प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे, आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. निर्देश आहेत, पण गावच्या शाळेला प्रशिक्षक परवडायचा कसा? स्मरणार्थ पैशाची खरी गरज इथे आहे.

वाटूरच्या आसपास कुणाला शिकवावं

आशाताईंचं नाव पहिलं. जालना जिल्हा राज्य सरकारच्या शेतकरी समुपदेशनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक आहे आणि त्यात घरोघरी विचारपूस करायचं काम आशांकडेच आलं. त्यांच्या मागे वसतिगृहाचे अधीक्षक, अभ्यासिका आणि पोलीस भरतीच्या अकादम्या चालवणारे, एसटीचे वाहक. ऊसतोडीला आई-बाप गेले की मुलं ज्यांच्याजवळ राहतात, त्या आजी-आजोबांना कुणी कधी बोलावतच नाही. त्यांना आवर्जून बोलवावं. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारालाही विसरू नये, कारण औषध त्याच्याच हातून जातं.

मदत कुठे मिळते हे शिकणाऱ्याला तोंडपाठ हवं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही आहे. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. म्हणून गावातलं शिकलेलं माणूस इथे जास्त मोलाचं.

न्यास काढावा का

शक्यतो काढू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, विश्वस्त बदलला की बदल अर्ज करावा लागतो. दुःखातलं घर पहिल्या वर्षी उत्साहाने हे करतं आणि तिसऱ्या वर्षी कागद कपाटात जातात. काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला ठरावीक गावांसाठी आणि ठरावीक वर्षांसाठी लेखी अटींवर पैसा द्यावा. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीत सवलत मिळते. मात्र दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नये. पाच वर्षांचा पैसा पहिल्याच वर्षी उधळू नये, ही अट तर घालावीच.

नाव, फोटो आणि तारीख

इथे जपायला हवं. आत्महत्येने गेलेल्या मुलाचा मोठा फोटो, हार, ‘अमर रहे’ असं सगळं शाळेत झालं, तर आतून खचलेल्या दुसऱ्या पोराला तोच मार्ग मानाचा वाटू शकतो. नाव असावं, पण तो कसा गेला हे कुठेही लिहू नये. प्रशिक्षण पुण्यतिथीला ठेवू नये. त्या दिवशी घरच्यांना सोसत नाही आणि बोलणं मृत्यूवरच येऊन थांबतं. त्यापेक्षा एक बैठक दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी एप्रिलमध्ये घ्यावी आणि दुसरी दिवाळीची सुटी संपून वसतिगृहं पुन्हा भरतात तेव्हा. निकालाआधीच्या बैठकीत पालकांनाही बसवावं आणि जून-जुलैत फेरपरीक्षा असते, वर्ष वाया जात नाही, हे त्यांना निकाल लागायच्या आत सांगून ठेवावं.