भिंतीवरची काळी बुरशी: सॅम्पल कधी काढायचं, कसं काढतात आणि रिपोर्ट कसा वाचायचा



पावसाळा लागला की आपल्या नेरडीगोंड्यात कडम नदीला पाणी येतं, कुंटाळा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते, आणि त्याच दिवसांत आपल्या घरांच्या भिंती ओल धरतात. मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाने भिंतीचा फोटो पाठवला. कपाट सरकवलं तर मागे हातभर काळा डाग, कुबट वास, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या पोराला महिनाभर खोकला. खाली लिहिलं होतं, "हे ब्लॅक फंगस आहे का? एक माणूस सॅम्पल काढून तपासून देतो म्हणतो. पैसे द्यायचे का?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. ओली जाळी, थर्माकोलचे डबे, सुके मासे, खाद्याची पोती, सगळं आपण घरातच ठेवतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी भीती काढून टाकू

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत "ब्लॅक फंगस" हा शब्द घराघरात पोचला. त्या मे महिन्यात तेलंगणा सरकारने त्या आजाराची नोंद करणं दवाखान्यांना सक्तीचं केलं. त्याचं खरं नाव म्युकरमायकोसिस. तो जास्त करून कोरोना झालेल्या, साखर हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना झाला. त्यातली बुरशी दिसायला काळी नसते. आजाराने नाकातलं, डोळ्याभोवतीचं मांस मरतं आणि काळं पडतं, म्हणून ते नाव पडलं.

भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नाही. भिंतीवर साधारणपणे क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, अल्टरनेरिया, कर्व्ह्युलेरिया असल्या बुरश्या असतात. त्यातल्या पेनिसिलियमच्या कुळातूनच पेनिसिलिन हे औषध निघालं, आणि आपल्या देशात ते बनवायला १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे नाव ऐकून घाबरायचं नाही. पण अंगावरही घ्यायचं नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा वाढतो, खोकला, शिंका, घरघर जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याच विषयावर मार्गदर्शिका काढली, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं पोर दगावलं. घरातल्या बुरशीत बराच काळ राहिल्याने ते गेलं, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्याच्या आईबापांनी घरमालक संस्थेकडे आधीच तक्रार केली होती.

तो डाग बुरशीच आहे का?

प्रत्येक डाग बुरशी नसतो. घरच्या घरी तीन गोष्टी बघा.

१. पांढरी पावडर फुटली असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो भिंतीतून आलेला खार आहे. बुरशी पाण्यात विरघळत नाही.

२. चुलीजवळ, दिव्याच्या वर काळं असेल तर ती काजळी असू शकते. काजळी पसरट आणि एकसारखी दिसते. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी, गोल गोल वाढते आणि बहुतेक ओलीच्या जागी असते.

३. वास घ्या, पण नाक भिंतीला लावू नका. कुबट वास येतो आणि डाग कुठेच दिसत नाही, तर बुरशी कपाटामागे, छताच्या वर नाहीतर पोत्यांखाली लपलेली असते.

सॅम्पल काढतात म्हणजे काय करतात?

जाणकार माणूस आला की तो आधी टेप काढत नाही, आधी ओल शोधतो. कौल फुटलंय का, पत्र्याचा खिळा सैल आहे का, न्हाणीचं पाणी भिंतीत मुरतंय का, हे बघतो. दोन टोचण्या असलेलं छोटं यंत्र भिंतीला लावून ओलावा मोजतो. जो हे न करता थेट सॅम्पल घ्यायला बसतो, त्याच्याकडून पुढचं काम करून घेऊ नका.

मग पृष्ठभागावरचं सॅम्पल तीन तऱ्हेने घेतात.

टेपने. पारदर्शक चिकट टेप डागावर हलकेच दाबून उचलतात, काचेच्या पट्टीवर चिकटवतात. लॅबमध्ये निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारं काम. याचा मोठा फायदा असा की बुरशी तिथे खरंच वाढतेय की नुसती हवेतली धूळ येऊन बसली आहे, हे कळतं. वाढत असेल तर धागे आणि बीजाणू धरणारे दांडे दिसतात. नुसती धूळ असेल तर सुटे बीजाणू दिसतात. कमी अशी की जिवंत-मेलेलं ओळखू येत नाही, आणि अ‍ॅस्परजिलस व पेनिसिलियमचे सुटे बीजाणू इतके सारखे असतात की बऱ्याचदा रिपोर्टमध्ये दोघांचं नाव एकत्र लिहितात.

स्वॅबने. कोरोनाच्या वेळी नाकात घातलेली कापसाची काडी आठवते ना, तशीच. निर्जंतुक काडी किंचित ओली करून ठरावीक जागेवर, समजा दहा सेंटीमीटर लांब दहा सेंटीमीटर रुंद चौकोनात, फिरवतात आणि नळीत बंद करतात. ती थंड ठेवून लवकरात लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत लॅबला पोचली पाहिजे. तिथे बटाट्याचं सत्त्व आणि साखर घातलेल्या जेलीवर ती लावतात आणि साधारण २५ अंशाला पाच-सात दिवस, कधी जास्त, वाढवतात. ज्या बुरश्या उगवल्या त्यांची जात नक्की सांगता येते. पण यात फक्त जिवंत बुरशीच उगवते. आणि भरभर वाढणारी बुरशी हळू वाढणाऱ्या बुरशीला झाकून टाकते. स्टॅचिबॉट्रिस नावाची, कायम भिजलेल्या पुठ्ठ्या-कागदावर येणारी काळी बुरशी या पद्धतीत सहज सुटून जाते. म्हणून जाणकार लोक टेप आणि स्वॅब दोन्ही घेतात.

तुकडा काढून. पोपडा, प्लायवूडचा तुकडा, कापड, जाळ्याचा तुकडा थेट लॅबला देतात. हा तुकडा कागदी पाकिटात घालावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला तुकडा घाम धरतो आणि वाटेतच बुरशी वाढते, मग रिपोर्ट चुकतो.

एक गोष्ट बघून घ्याच: डागाच्या सॅम्पलसोबत त्याच घरातल्या स्वच्छ भिंतीचंही सॅम्पल घेतलं पाहिजे. बीजाणू सगळ्याच घरात थोडे असतात. तुलना करायला काही नसेल तर "बुरशी सापडली" या वाक्याला अर्थ नाही. प्रत्येक पाकिटावर तारीख, खोली आणि जागा लिहिलेली हवी.

आणि सॅम्पल घेण्याआधी भिंत पुसू नका, चुना लावू नका, पंखा चालू ठेवू नका.

रिपोर्ट हातात आला, आता?

रिपोर्टमध्ये बुरशीची नावं आणि एका चौरस सेंटीमीटरला किती वसाहती उगवल्या हा आकडा असतो. आकडा मोठा बघून धसका घेऊ नका. भिंतीवर किती बुरशी असली म्हणजे धोक्याची, अशी सर्वमान्य मर्यादाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचंही म्हणणं असंच आहे, की बुरशी डोळ्याला दिसत असेल तर बहुतेक वेळा सॅम्पलची गरजच नाही. कुठलीही जात असो, उपाय एकच: ओल थांबवा, बुरशी काढा.

दुसरं, भिंतीवरचं सॅम्पल भिंतीबद्दल सांगतं. तुम्ही श्वासातून किती घेताय ते सांगत नाही. आणि पोराचा खोकला त्यामुळेच आहे का, हे तर अजिबात सांगत नाही. ते डॉक्टरच सांगेल.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. अ‍ॅस्परजिलस दमा असलेल्या काही लोकांच्या छातीत अ‍ॅलर्जी उभी करतो. आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसात जे पोकळ खड्डे राहतात, त्यात तो घर करू शकतो. मग खोकल्यातून रक्त पडतं, वजन उतरतं, आणि सगळ्यांना वाटतं टीबी परत आली. टीबीचं औषध पूर्ण झालंय, बेडक्याची तपासणी निगेटिव्ह येतेय आणि तरी रक्त पडतंय, तर डॉक्टरांना "बुरशीची तपासणी करायची का" असं विचारा. विचारायला लाजू नका.

मग सॅम्पलवर पैसे कधी खर्च करायचे?

- वास येतो, त्रास होतो, पण डाग दिसत नाही.
- डाग बुरशीचा की खार-काजळीचा यावरच वाद आहे.
- घर भाड्याचं आहे किंवा नवं बांधलेलं आहे, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर भांडण आहे. कागद हातात लागतो.
- घरात कॅन्सरचं औषध घेणारा, किडनी बदललेला किंवा फार अशक्त माणूस आहे आणि डॉक्टरांनी तपासायला सांगितलंय.
- मोठी साफसफाई झाली आणि काम नीट झालं का ते बघायचंय.

यातलं काहीच नसेल तर ते पैसे कौलं आणि पत्रा नीट करायला लावा. आमच्या त्या सभासदालाही आम्ही हेच सांगितलं. डाग समोर दिसत होता, वरचं कौल फुटलेलं होतं. सॅम्पल कशाला?

आणि एक खूण. जो माणूस सॅम्पल काढतो, तोच साफसफाईचं कामही घेतो आणि तोच औषधही विकतो, तिथे सावध राहा. तपासणारा आणि काम करणारा वेगळा असलेला बरा.

जात नक्की ओळखून हवीच असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे शुल्क घेऊन बुरशी ओळखून देतात. काही पाठवण्याआधी नमुना कसा हवा आणि शुल्क किती हे विचारून घ्या. दवाखान्याच्या लॅबमध्ये रुग्णाचे नमुने तपासतात, भिंतीचे घेतील असं धरून जाऊ नका.

साफ कसं करायचं

डाग साधारण एक मीटर लांब-रुंद जागेपेक्षा कमी असेल तर घरीच होतं. आधी गळती बंद करा, नाहीतर महिन्याभरात बुरशी परत. नाका-तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे घाला. दमेकरी आणि लेकरं बाहेर. कोरडा ब्रश कधीच मारू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून घासा, पुसा आणि भिंत पूर्ण वाळवा. ब्लीचिंग वापरलंच तर त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. भिजलेला पुठ्ठा, सडलेलं प्लायवूड फेकून द्या. वाळल्यावर चुना मारा, चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. डागावर थेट रंग मारणं म्हणजे घाण गोधडीखाली झाकणं.

कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ओलं जाळं झोपायच्या खोलीत वाळवू नका. नायलॉन कुजत नाही हे खरं, पण त्याला चिकटलेल्या शेवाळावर आणि गाळावर बुरशी येते.

मासे आणि खाद्याबद्दल दोन शब्द

भिंतीवरच्या बुरशीपेक्षा पोटात जाणारी बुरशी जास्त घातक. १९७४ च्या शेवटी गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात ओल्या, बुरशी आलेल्या मक्यामुळे शंभराहून जास्त माणसं लिव्हरच्या आजाराने गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याचा अभ्यास केला. ते विष अफ्लाटॉक्सिन, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचं. शिजवून ते पुरतं जात नाही. आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचरीत ट्राउट माशांना लिव्हरचा कॅन्सर झाला, त्याचं कारण खाद्यातल्या सरकीच्या पेंडीत निघालेलं हेच विष. म्हणून बुरशी आलेली शेंगदाण्याची नाहीतर सरकीची पेंड, भाताचा कोंडा तलावात टाकू नका. "मासेच तर खातात" हा विचार महागात पडतो. पेंडीचं सॅम्पल मात्र टेपने होत नाही. पोत्यातल्या पाच-सहा जागचं थोडं थोडं काढून, एकत्र करून विषाची तपासणी करावी लागते.

सुक्या माशांवर तपकिरी ठिपके आले तर ती बुरशी, गुलाबी झाक आली तर बहुतेक मिठात वाढणारे जंतू. दोन्ही असलेला माल विकू नका, खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

पोत्यांखाली लाकडी फळी, पोती भिंतीपासून लांब, जुना माल आधी वापरायचा. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

त्या सभासदाने कौल बदललं, भिंत धुऊन वाळवली, कपाट पुढे ओढलं. पोराला डॉक्टरकडे नेऊन छाती तपासून घेतली. तुमच्या घरी असा डाग असेल तर पहिल्या उघडिपीला छतावर चढून बघा, मग बाकीचं. पोस्ट आपल्या नात्यागोत्यात पाठवा, आणि काही विचारायचं असेल तर खाली लिहा.