मोठी नावं आली, पण दुसरा सीझन आला नाही : 'मराठाज' जिंकलेल्या लीगचा हिशोब

मागच्या व्हिडिओनंतर तोंडवलीहून एका मुलाचा प्रश्न आला, "सर, आमका किनाऱ्यावर लीग काढूची हा. पैसो कसो सुटतलो?" उत्तर द्यायच्या आधी एका बंद पडलेल्या लीगकडे बघूया.

२०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'ची घोषणा झाली. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट, खांद्याला पॅड आणि लांबट बॉल. पाठीशी माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे अमेरिकेतले दिग्गज आणि अभिनेता मार्क वॉलबर्ग. पहिला सीझन २०१२ चा. आठ संघ, त्यात श्रीलंकेचेही. फायनलला पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० ने हरवलं. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं?

इथेच गोम आहे. सामने झाले कोलंबोला. ते रेकॉर्ड करून नंतर टेन स्पोर्ट्सवर दाखवले. संघाच्या नावात पुणे, पण पुणेकर मैदानावर नाही! तिकीट नाही, स्टॉल नाही, गल्लीतला फॅन नाही. खेळाडू बरेचसे रग्बी आणि इतर खेळांतून आणलेले, कारण शाळेत हा खेळ खेळतंय कोण? साहित्य महाग, टीम मोठी. खर्च पहिल्या दिवसापासून चालू, गिऱ्हाईक मात्र अजून तयार करायचं होतं. टीव्हीवर त्या तोडीचा दुसरा सीझन काही परत दिसला नाही.

उलट २०१४ ला प्रो कबड्डी आली. तीही टीव्हीसाठीच बनवलेली, पण नियम आजीलाही पाठ.

बरं, हा खेळ जिथला, तिथेही असंच. १९८३ ला सुरू झालेल्या यूएसएफएलने मोठ्या एनएफएलला कोर्टात खेचलं. १९८६ ला केस जिंकली आणि भरपाई मिळाली १ डॉलर! कायद्याने तिप्पट, म्हणून ३. लीग संपली.

आता तोंडवली. उघड्या किनाऱ्यावर तिकीट लावता येत नाही, तो आकडा वहीतून खोडा. बक्षिसाची रक्कम फुगवू नका, ती प्रवेश फीतूनच निघाली पाहिजे. कमाई राहण्या-जेवणात आहे. समजा बाहेरगावचे ८ संघ, प्रत्येकी १० जण, दोन दिवस मुक्काम. दोन वेळचं जेवण धरलं तर ३२० थाळ्या झाल्या, शिवाय खोल्या. मात्र दिवाळी-नाताळात खोल्या तशाही भरतात, तेव्हा स्पर्धा घेऊन फायदा काय? जानेवारी-फेब्रुवारीतला मोकळा शनिवार-रविवार बघा. खेळ टेनिस बॉल क्रिकेट किंवा कबड्डीच ठेवा. गावातल्या होमस्टेवाल्यांशी थाळी आणि खोलीचा दर आधी ठरवून लिहून घ्या, मगच बॅनर छापायला टाका.