अण्णांची पद्मिनी

२०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. मीही गेले होते. राजेरजवाड्यांच्या त्या गाड्या, आरशासारखं चमकणारं पितळ, बाजूला उभे असलेले त्यांचे गणवेशातले सांभाळकरी. मनसोक्त फोटो काढले आणि घरी आले. घरी अंगणात पारिजातकाखाली अण्णांची फियाट उभी होती. ताडपत्री फाटलेली, चारही चाकं बसलेली, मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण होऊन गेलेलं. अण्णा २०१९ मध्ये गेले, त्यानंतर कोणी तिला हात लावला नव्हता. दुसऱ्यांच्या गाड्या बघायला मी तिकीट काढून गेले होते, याची त्या संध्याकाळी फार लाज वाटली.

ही गाडी म्हणजे १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. आपण सगळे फियाटच म्हणतो. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००, पण ती आपल्याकडे बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, मुंबईत कुर्ल्याला. हा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे; कंपनी त्यांनी १९४४ मध्ये काढली. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं, चितोडच्या राणीवरून. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला मात्र आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं होतं. प्रेमानेच.

१०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आमच्याकडे गाडी आली तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि पहिल्या रविवारी त्या एका गाडीत आम्ही आठ जण डाकोरला गेलो होतो. मुंबईत तर ही गाडी म्हणजेच काळीपिवळी टॅक्सी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली.

पुण्याहून दादाचा फोन आला. "भंगारवाला पंचवीस हजार देतोय ना? मग देऊन टाक. अंगण मोकळं होईल, आईला फिरायला जागा होईल." त्याचं चूक नव्हतं. आई शहाऐंशीची, काठी घेऊन अंगणात चालते, आणि गाडीच्या कडेने जाताना दोनदा अडखळली होती. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "चालत असेल तर ठेव. चालत नसेल तर ठेवून काय करायचं?" एवढंच. पुढचं सगळं याच एका वाक्यावर ठरलं. प्रदर्शनातल्यासारखी चमकवायची नव्हती, चालवायची होती.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. पाना कसा धरतात तेही माहीत नव्हतं. पाणीगेटकडे एक म्हातारे उस्ताद आहेत, अण्णा त्यांच्याकडेच जायचे. त्यांचं गॅरेज आता मुलगा बघतो, आणि तो कॉम्प्युटर लावल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. उस्ताद रिक्षाने घरी आले. मी उत्साहाने किल्ली पुढे केली, तर त्यांनी ती खिशात टाकली. बऱ्याच वर्षांनी उभी गाडी पहिल्यांदा बघायला लोक किल्ली फिरवतात आणि तिथेच इंजिनाची वाट लावतात, असं त्यांचं म्हणणं. आत सिलिंडरला गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. त्यांनी चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि चहा पिऊन निघून गेले. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही दोघांनी, शेजारच्या मुलाला मदतीला घेऊन, हलकेच मागून ढकलली. आधी चाकं नुसतीच अडली. मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पंखा हातभर फिरला. "बेन, एन्जिन तो जीवे छे," उस्ताद म्हणाले. मी घरात जाऊन आईला सांगून आले.

पण इंजिन हा सोपा भाग होता, हे नंतर कळलं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, वासही रंगासारखा. टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर उघडला तर बारीक भोकं त्याच डिंकाने बुजलेली. ती तारेने टोकरायची नाहीत, हा पहिला धडा. तारेने भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. भिजवायचं आणि हवेने फुंकायचं. शिवाय आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, त्यात वीस टक्के इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं आणि १९८२ च्या रबराला खातं. म्हणून सगळ्या नळ्या आणि पेट्रोल पंपातला पडदा त्याला टिकणाऱ्या रबराचा घातला. ज्यांच्याकडे जुनी स्कूटर जरी असेल, त्यांनी एकदा नळीला हात लावून बघा. चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर वाट बघू नका, आग लागायला तेवढं पुरतं.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे आतले दट्टे गंजून बसले होते. ते पूर्ण होईपर्यंत इंजिन सुरूच करायचं नाही, ही उस्तादांची अट. सुरू झालेली गाडी चालवायचा मोह होतो, आणि न थांबणारी गाडी न चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट.

मग पत्रा. इथे मी खरोखर रडले. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि बॉडी मिळूनच सगळा भार उचलतात. वरून रंग बरा दिसत होता. उस्तादांनी दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला. पूर्वी कधीतरी कुणीतरी गंजावर पुट्टी थापून वर डांबर फासलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा तर कागद झाला होता. डेंटरने खर्च सांगितला तो भंगाराच्या किमतीच्या पाचपट. त्या रात्री मी दादाला फोन करून म्हणाले, "तुझं बरोबर होतं." तो गप्प राहिला, मग म्हणाला, "विचार करून सांग." मी विचार केला, आणि मुदत ठेव मोडली. हे योग्य की अयोग्य, हे मला आजही ठरवता येत नाही.

बॉडीला आतून आडवे दांडे लावून आधार दिला, एका वेळी एकच बाजू कापली, आणि प्रत्येक जोडानंतर दारं लावून फट तपासली. नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. रंगासाठी मूळ छटा मिळाली ती डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउसच्या दुकानांत दोन फेऱ्या झाल्या. अहमदाबादच्या रविवारी भरणाऱ्या गुजरी बाजारात, साबरमतीच्या काठी, मागच्या दिव्याची काच मिळाली. दुकानदाराने ती कशाची आहे हे न ओळखता तीस रुपयांना दिली. एवढा आनंद मला पेन्शन सुरू झाल्यावरही झाला नव्हता.

डेंटर म्हणत होता, गिअर खाली घ्या, पुढे दोन वेगळ्या सीटा टाका, चालवायला सोपं. मी नाही म्हटलं. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'ट्युरिन सनद' म्हणून एक नियमावली आहे (ट्युरिन हेच फियाटचं गाव), तिचा भर आहे तो मूळचं जपण्यावर, आणि बदल करावाच लागला तर तो पुन्हा काढता येईल असा करण्यावर. मी तेवढंच पाळलं. बॅटरी तोडायचं बटण लावलं, जादा फ्यूज टाकले. उद्या कुणाला नको असेल तर दोन स्क्रू काढले की झालं.

सगळ्यात जास्त दिवस लागले ते कागदांना. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्ही. ए.' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. आमची पन्नाशी २०३२ मध्ये. तोवर ती नुसतीच 'जुनी': दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. आमची मुदत २०२२ मध्येच संपली होती. दंड भरला, नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरला. आणि मालक वारल्यावर गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत बाकीच्या वारसांची संमती. म्हणजे दादाची सही हवी. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर हे काम दुरुस्तीच्या आधी उरका. मी उलटं केलं आणि तीन महिने तयार गाडी फाटकाच्या आत उभी ठेवली.

दादा दिवाळीला आला तेव्हा सही केली, वर काही बोलला नाही. कागद झाले आणि पुढच्या खेपेला तो आला, त्या संध्याकाळी मी किल्ली त्याच्याच हातात दिली. आई पुढे मध्ये बसली, दोघांच्या मधोमध, जिथे ती कायम बसायची. सुरसागरची फेरी ठरली. न्याय मंदिराच्या अलीकडे पहिल्याचा दुसरा टाकताना गिअर अडकला. मागे हॉर्नची रांग लागली. मी उस्तादांना फोन लावणार तोवर दादा उतरला, बॉनेट उघडलं, आणि खाली हात घालून गिअरचा दांडा दोनदा हलवला, अगदी अण्णा हलवायचे तसा. कट्ट आवाज झाला.

तो काळे हात घेऊन माझ्या खिडकीशी आला. "फडकं कुठे ठेवतेस गं?"

"दाराच्या खिशात," आईच म्हणाली. "डावीकडच्या."