दान, बिदागी आणि भीक : रस्त्यावरील कलावंताच्या मागण्याची भाषा

रस्त्यावर खेळ करणारा कलावंत प्रेक्षकांकडून पैसे कसे मिळवतो, हा प्रश्न वरवर पाहता अर्थव्यवहाराचा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात स्वतःचा विषय सापडतो. या खेळाला तिकीट नसते, दार नसते, खुर्च्या नसतात. पाहणारा केव्हाही निघून जाऊ शकतो आणि एक पैसाही न देता जाऊ शकतो. त्याला थांबवायचे, रमवायचे आणि शेवटी खिशात हात घालायला लावायचे, हे सारे काम कलावंताला प्रामुख्याने शब्दांच्या बळावर करावे लागते. ते शब्द कोणते, ते केव्हा उच्चारले जातात आणि आज त्यांचे काय होत आहे, याची मांडणी या लेखात करायची आहे.

मी सुरतेत शिकवतो आणि सचिनला राहतो. सुरतेच्या दक्षिणेला मुंबईच्या लोहमार्गावर असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. पूर्वी ते एका छोट्या संस्थानाचे नाव होते. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसाला कोकणातील हक्काच्या बदल्यात हा प्रदेश मिळाला आणि सचिन संस्थान उभे राहिले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे मराठी मुलखाशी या गावाचा संबंध कापड गिरण्यांच्या आधीचा आहे. आजचा मराठी सचिन मात्र मुख्यतः खानदेशातून आला. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे सुरतेच्या परिसरात कामाला आली. घरात अहिराणी, शेजाऱ्याशी हिंदी, दुकानात गुजराती असे त्यांचे भाषिक जीवन आहे. शेजारी ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार आहेत. इथे रस्त्यावर उभा राहणारा कलावंत एकाच वर्तुळात चार-पाच भाषांच्या माणसांपुढे हात पुढे करतो. त्यामुळे मागण्याची भाषा कशी घडते आणि कशी मोडते, हे पाहायला ही जागा सोयीची आहे.

शब्दांची उतरंड

कलावंताला दिल्या जाणाऱ्या पैशासाठी किंवा धान्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. दान, भिक्षा, जोगवा, बिदागी, बक्षीस, ओवाळणी, सुपारी, दौलतजादा आणि भीक हे सगळे शब्द देण्याघेण्याचेच आहेत. परंतु देणारा आणि घेणारा यांचे नाते प्रत्येक शब्दात वेगळे आहे.

'सुपारी' हा कराराचा शब्द आहे. गोंधळ घालायचा ठरला की सुपारी दिली जाते आणि दोन्ही बाजू बांधल्या जातात. 'बिदागी' निरोपाच्या वेळी दिली जाते. 'बिदा' म्हणजे निरोप हा अर्थ त्या शब्दात अजून जिवंत आहे. गवई, कीर्तनकार, पंडित यांना बिदागी मिळते आणि ती घेताना त्यांची मान खाली जात नाही. 'बक्षीस' वरून खाली येते; ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. 'दौलतजादा' तमाशाच्या फडातला शब्द आहे. पैसे घेणारी कलावंतीण देणाऱ्याची दौलत 'ज्यादा' होवो असे म्हणते आणि त्या आशीर्वादाचेच नाव पैशाला पडले. 'जोगवा' देवीच्या नावाने मागितला जातो. संत एकनाथांनी तर जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी ही रस्त्यावरची सोंगे उचलून त्यांवर भारुडे रचली. मागण्याची लौकिक रीत पारमार्थिक मागण्यासाठी वापरता येते, हे त्यांनी ओळखले होते.

सर्वांत बोलकी जोडी 'भिक्षा' आणि 'भीक' यांची आहे. दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूपासून आले. तत्सम रूपाला प्रतिष्ठा मिळाली आणि तद्भव रूप तिरस्काराचे झाले. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या कथा आपण आदराने सांगतो. दोरीवर चालून दाखवणाऱ्या डोंबाऱ्याच्या थाळीत पडलेल्या नाण्याला मात्र चटकन भीक म्हणतो, जरी त्याने त्या नाण्याच्या बदल्यात काही दिलेले असते आणि माधुकरी मागणाऱ्याने दिलेले नसते. कृतीपेक्षा मागणाऱ्याची जात शब्द ठरवते, हे इथे उघड दिसते.

मागण्याची वेळ

प्रत्येक कलाप्रकाराने मागण्यासाठी खेळातली एक निश्चित जागा ठरवलेली आहे. ती चुकली तर पैसे मिळत नाहीत.

डोंबारी ढोलकी वाजवून लोक जमवतो. आधी सोप्या कसरती होतात. वर्तुळ दाट झाले की अवघड खेळाची घोषणा होते, दोरी ताणली जाते, आणि नेमकी त्याच वेळी ढोलकी थांबते. पाहणाऱ्याची उत्सुकता टोकाला पोचलेली असते आणि खेळ अजून व्हायचा असतो. थाळी त्या मधल्या वेळेत फिरते. खेळ संपल्यावर फिरवली तर निम्मे लोक पाठ फिरवून चालू लागतात, हे या मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गारुड्याचे आणि रस्त्यावरच्या जादूगाराचेही तंत्र हेच. टोपलीतले गुपित तो बराच वेळ झाकून ठेवतो आणि बोलत राहतो.

बहुरूप्याची रीत याच्या उलट आहे. तो पोलिसाचा वेष घालून दारात येतो, खोट्याच गुन्ह्याचे वॉरंट वाचतो, दंड मागतो. त्याच्या खेळाची सुरुवातच मागण्याने होते. ऐकणाऱ्याला क्षणभर भीती वाटते, मग यमक आणि अतिशयोक्ती लक्षात येते आणि हसू फुटते. त्या हसण्यावर तो खरे मागणे मागतो. दंड मागणारा हात आणि बक्षीस मागणारा हात एकच असतो, हाच त्याचा विनोद.

पोतराज स्वतःसाठी मागत नाही, मरीआईसाठी मागतो. आसुडाचा आवाज गल्लीत आधी पोचतो. बायका सुपातून धान्य आणतात, त्याच्या पायांवर पाणी घालतात. त्याच्या वाट्याला येणारा मान आणि त्याच्या अंगावर उमटणारे वळ यांत किती अंतर आहे, हे पोतराजाच्या घरातून आलेल्या पार्थ पोळके यांच्या 'आभरान' या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवले. मागण्याच्या रीतीचे सौंदर्य पाहताना ती रीत कुणाच्या पाठीवर उभी आहे, हे विसरता येत नाही.

पावलं म्हणजे काय

वासुदेवाची रीत सर्वांत सूक्ष्म आहे. मोरपिसांची टोपी घालून, हातात टाळ-चिपळ्या घेऊन तो सकाळी दारोदार फिरतो. त्याच्या गाण्यात 'द्या' हा शब्द महत्त्वाचा नसतो. महत्त्वाचा असतो तो मिळाल्यानंतरचा शब्द : 'दान पावलं'.

या दोन शब्दांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. वासुदेव 'मला मिळालं' असे म्हणत नाही. वाक्याचा कर्ता दान आहे आणि क्रियापद 'पावणे' म्हणजे पोचणे हे आहे. घेणाऱ्याचा उल्लेखच नाही. त्यानंतर तो पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी अशी दैवते एकेक करून घेतो, घरातल्या पूर्वजांचेही नाव घेतो आणि पसाभर धान्य तिथपर्यंत पोचल्याचे सांगतो. 'देव पावला' या प्रयोगातले क्रियापदही हेच. देणारी बाई वासुदेवाला उपकृत करत नाही आणि वासुदेव तिच्यापुढे वाकत नाही. धान्य त्याच्या झोळीत राहते, पण भाषेने ते तिथून पुढे गेलेले असते. देणाऱ्याघेणाऱ्याची लाज एका क्रियापदाने झाकली आहे.

म्हणजे 'दान पावलं' ही एक पावती आहे. 'पावती' हा शब्दही 'पावणे' याच क्रियापदाचा. तिची तुलना इतर पावत्यांशी करता येते. तमाशाच्या फडात दौलतजादा देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम जाहीर होते. देणाऱ्याला चारचौघांत मिरवता येते. वासुदेव नावे घेतो, पण रक्कम घेत नाही. मूठभर देणारी आणि सूपभर देणारी त्याच्या गाण्यात सारख्याच. सचिनच्या बाजारात आता तिसरी पावती ऐकू येते. चहाच्या टपरीवर मोबाइलने पैसे दिले की छोटा डबा मोठ्या आवाजात रक्कम सांगतो. त्यात रक्कम आहे, नाव नाही. खिशात सुटे पैसे नसणारा तरुण कामगार रस्त्यावरच्या कलावंताला सहज सांगतो की सुटे नाहीत, आणि ते बहुधा खरे असते. काही कलावंत ढोलकीवर किंवा पेटीवर चौकोनी कोड चिकटवू लागले आहेत. पैसे त्यामुळे येतात. परंतु थाळी फिरताना होणारी नजरानजर आणि तिच्याबरोबरचे बोलणे कमी होते.

सचिनमधले संबोधन

गावात वासुदेव किंवा पोतराज घराघराला ओळखतो. काही कलावंतांचा गावावर हक्कच होता. आलुतेदारांच्या जुन्या याद्यांत गोंधळी, डवरी, भाट यांची नावे येतात. गुजरातेत भवाई करणाऱ्या कुटुंबांचेही ठरावीक यजमान असत. या हक्काकडे सगळेच आदराने पाहत होते असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गाव-गाडा' या ग्रंथात फिरस्त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि कुणब्यावरचा भार म्हणूनच त्यांची नोंद केली.

सचिनमध्ये हा हक्क नाही आणि ओळखही नाही. म्हणून कलावंत नात्याच्या शब्दांचा आधार घेतो. खानदेशी चाळीत तो 'माय' किंवा 'मावशी' म्हणतो, गुजराती सोसायटीच्या फाटकाशी 'बेन' किंवा 'मासी', कामगारांच्या खोल्यांपुढे 'भैया'. चौकात सगळे एकत्र असले की तो हिंदीकडे वळतो आणि 'पापी पेट' हा सर्वांना कळणारा शब्द वापरतो. इथे मोठा बदल होतो. दैवत, पूर्वज, आशीर्वाद हे सारे गळते आणि केवळ भूक उरते. कलेच्या मोबदल्याची भाषा दयेच्या भाषेत बदलते. कलावंताला हे हवे असते म्हणून असे घडत नाही. समोरच्या सर्वांना समजेल असे दुसरे कारण त्याच्याजवळ उरत नाही.

कायद्याचा शब्द

या बदलाला कायद्याने आणखी धार आणली आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ हा द्विभाषिक मुंबई राज्याचा कायदा. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि तो दोन्ही राज्यांकडे आला. त्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा घेणे म्हणजे भीक मागणे. मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकणे अशा कोणत्याही बहाण्याने असो. वॉरंटाशिवाय अटकेची तरतूद त्यात आहे आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्याच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तो निर्णय दिल्लीपुरता होता.

भाषेच्या दृष्टीने त्या व्याख्येतला 'बहाणा' हा अर्थ महत्त्वाचा आहे. कायद्याला गाणे हे काम दिसत नाही, भीक झाकण्याचे निमित्त दिसते. वर पाहिलेले दहा-बारा शब्द आणि त्यांतली सारी नाती एका शब्दात बुडवली जातात. व्याख्या वेगळी असू शकते, हे इतरत्र दिसते. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून वादकांना परवाना आणि ठरलेली जागा देण्याची पद्धत आहे. तिथेही पैसे प्रेक्षकच देतात. फरक एवढाच की व्यवस्थेने त्याला कलेचा मोबदला म्हटले आहे.

आपल्या हाती असलेले काम

लोकसाहित्याच्या संकलनात गाणे छापले जाते आणि मागणे बहुधा गळते. ध्वनिमुद्रण करणारा विद्यार्थीसुद्धा थाळी पुढे येताच यंत्र बंद करतो. खेळ संपला असे त्याला वाटते. वास्तविक मागणे हा संहितेचाच भाग आहे. त्यात ताल आहे, विनोद आहे, संबोधने आहेत आणि समोरच्या माणसाचा अचूक अंदाज आहे. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चार गोष्टी नोंदवायला सांगतो : मागणे खेळाच्या कोणत्या टप्प्यावर आले, कोणत्या शब्दांनी आले, कोणत्या नात्याने हाक मारली आणि मिळाल्यावर काय म्हटले. शहरी वस्तीत पाचवी नोंद भाषाबदलाची करावी. अर्थात ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी आणि कलावंताला त्याचा मोबदला द्यावा. त्याला काय म्हणायचे, हे त्यालाच विचारावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट त्याहून निकडीची आहे. या कुटुंबांतली मुले आज आपल्या वर्गांत बसतात. वासुदेव, पोतराज, बहुरूपी यांच्यावरचा धडा शिकवताना 'पूर्वी हे लोक भीक मागत फिरत' असे वाक्य सहज तोंडून जाते, आणि एखादे मूल मान खाली घालते. त्या जागी 'खेळ करून दान घेत', 'गाऊन बिदागी घेत' असे म्हणता येते. मराठीत त्यासाठी शब्द आधीपासूनच आहेत. तसेच या जगण्यातला मार, उपासमार आणि मुलांचे बुडणारे शिक्षणही त्याच तासाला सांगावे, म्हणजे आदराच्या नावाखाली दारिद्र्याचे कौतुक होणार नाही. व्यवसाय सोडू पाहणाऱ्याला तो सोडता यावा आणि चालवू इच्छिणाऱ्याला तो अटकेच्या भीतीशिवाय चालवता यावा, यासाठी कायदा बदलावा लागेल. त्या बदलाची मागणी करताना 'कलेचा मोबदला' आणि 'भीक' यांतला फरक नेमक्या शब्दांत मांडावा लागेल, आणि ते काम भाषा शिकवणाऱ्यांना करता येण्यासारखे आहे.