गव्हाच्या घरात राय

गव्हाच्या एका फुलात परागकोश तीनच. ते हिरवे आहेत तोवरच चिमट्याने काढायचे. पिवळे पडून फुटले की फूल वाया. काचघरातल्या तंत्रज्ञ बाई ओंबी बोटांत धरून हे इतक्या झपाट्याने करत होत्या की मोजायचा नाद मी सोडला. कुसळं आधीच छाटलेली, मधली फुलं खुडलेली. मग ओंबीवर कागदी पिशवी. दोन-तीन दिवसांत कुक्षी फुलते, तेव्हा तिच्यावर राय या धान्याचे पराग झटकायचे.

हे जर्मनीतल्या झाक्सेन-आनहाल्टमध्ये पाहण्यात वेगळीच मौज. याच मुलखातल्या श्लानश्टेटला १८८८ साली विल्हेल्म रिम्पाऊ या शेतकरी-पैदासकाराला गहू आणि रायच्या संकरातून बी धरणारं रोप मिळालं. १८७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये असा संकर झाला होता, पण तो वांझ. गव्हाची २१ आणि रायची ७ गुणसूत्रं एकत्र येतात, पण जोडी कुणाचीच जमत नाही. रिम्पाऊच्या रोपात गुणसूत्रं आपसूक दुप्पट झाली, ५६. त्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता. तो उलगडा म्युंखेबर्गच्या संशोधकांनी १९३५ मध्ये केला. आता दुप्पट करायचं काम कोल्चिसिन या रसायनाकडे असतं. त्याआधी बऱ्याचदा कोवळ्या दाण्यातला गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून नळीत वाढवावा लागतो, नाहीतर तो दाण्यातच मरतो.

पण लग्न लागणं वेगळं आणि नांदणं वेगळं. संकराच्या मुळाच्या टोकाची, चांदीच्या क्षाराने रंगवलेली पेशी मला दाखवली. रायबोसोमची जनुकं जिथे कामात असतात तिथे काळा ठिपका उठतो. गव्हाच्या गुणसूत्रांवर ठिपके ठसठशीत. रायच्या गुणसूत्रावर, जिथे असायला हवा तिथे, काही नाही. जनुकं शाबूत आहेत, नुसत्या रायच्या रोपात ती जोरात चालतात. गव्हाच्या घरात मात्र डीएनएवर मिथाइलच्या रासायनिक खुणा बसतात आणि ती गप्प होतात. डीएनएचं अक्षर एकही बदललेलं नसतं! १९९० च्या दशकात ५-अझासायटिडीन हे मिथाइलच्या खुणा रोखणारं द्रव्य वापरून पाहिलं, तेव्हा ही जनुकं पुन्हा कामाला लागली.

काही गोष्टी मात्र परत येत नाहीत. संकरात डीएनएचे तुकडे गळतात, रायचे गव्हापेक्षा जास्त, आणि बरेचसे गुणसूत्रं दुप्पट होण्याच्याही आधी. उत्क्रांती म्हटलं की आपण लाखो वर्षांच्या गोष्टी करतो; इथे पहिल्या पिढीतच निम्मा कारभार उरकतो. आपल्या पोळीचा गहूही याच वाटेने आलाय, खपलीच्या जातकुळीतला गहू आणि एक रानगवत यांच्या संकरातून.

शेतात आज दिसतं ते ट्रिटिकेल, म्हणजे गहू-रायचं संकरित पीक, रिम्पाऊचं नव्हे. ५६ गुणसूत्रांची रोपं अस्थिर निघत, दाणे सुरकुतत. टिकलं ते ४२ चं, ड्युरमच्या कुळातला गहू आणि राय मिळून झालेलं. रायकडून पैदासकारांना हवी असते रेताड जमिनीत आणि थंडीत तगायची ताकद. जर्मनीत एवढ्या खटाटोपाचं पीक पावात फारसं जात नाही. बहुतेक जातं डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात, आणि काही हिरवंच कापून बायोगॅसच्या टाकीत.