जुन्या मोटारीला नवा रंग

जुनी फियाट मोटार तुम्ही पाहिली असेल. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ सालापासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे हीच गाडी येई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण कुणाच्या पडवीत, कुणाच्या मांडवाखाली अशा गाड्या अजून जपलेल्या आहेत.

आमच्या घरीही एक आहे. अप्पांनी हौसेने घेतलेली. आमचे गाव समुद्रकाठी, रत्नागिरीजवळ. ही गाडी आम्ही भावांनी घरीच रंगवली. एकदा नव्हे, दोनदा! पहिल्या वेळी आम्ही चुकलो. ती चूक तुमची होऊ नये, म्हणून हे सांगतो.

पहिल्या वेळी काय झाले? गणपती जवळ आले होते. पाहुणे येणार, गाडी चमकली पाहिजे, अशी घाई. भर श्रावणात आम्ही कामाला लागलो. गंजावर वरवर कागद घासला, खड्ड्यांत लांबी थापली आणि रंग मारला. सकाळी पाहतो तो काय! रंगावर पांढुरकी साय आलेली. दिवाळीपर्यंत दाराच्या खालच्या कडेला फोड आले. फोड फोडला, तर आत लाल गंज.

अप्पा म्हणाले, "अरे, गळवावर पावडर लावली तर गळू बरे होते का?"

त्यांचे खरे होते. रंग नुसता शोभेसाठी नसतो. तो पत्र्याचे छत्र आहे. लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. खाऱ्या वाऱ्यात तो लवकर चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो खालून फुगतो आणि वरचा रंग उचलतो. खाली गंज ठेवून वर कितीही भारी रंग मारा, तो टिकायचा नाही.

याहून मोठी चूक दुसरीच होती. आम्ही जुना रंग अंगणात कोरडाच घासला होता. धूळ सगळीकडे उडाली. आमची दोन वर्षांची भाची तिथेच खेळत होती. बोटे धुळीत, मग बोटे तोंडात. गावच्या डॉक्टरांनी हे पाहिले आणि विचारले, "या धुळीत काय आहे, ठाऊक आहे का?"

आम्हांला ठाऊक नव्हते. जुन्या रंगांत शिसे असू शकते. शेंदूर शिशापासूनच होतो, आणि लोखंडाला लावायच्या जुन्या अस्तरांत तो घालत. पिवळ्या-नारिंगी रंगांतही शिसे असे. ते पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. झालेली इजा भरून येत नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण आमच्या गाडीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा!

भाचीच्या रक्ताची तपासणी केली. काळजीसारखे काही निघाले नाही. पण निकाल हाती येईपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागले नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही आधी जागा ठरवली. मांडवाला आडोसा केला. मुलांना तिकडे बंदी. खाली जाड प्लॅस्टिक अंथरले. जुना रंग पाणी पेपरने, ओला ठेवूनच घासला. ओली धूळ उडत नाही. खाली साचलेला गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधला. विहिरीकडे किंवा गटारात सोडला नाही. धोक्याचा कचरा कुठे घेतात, ते नगरपालिकेत विचारून तिथे दिला. तोंडावर धुळीचा चांगला मास्क लावला. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही. कामाचे कपडे वेगळे ठेवले आणि हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकले नाही.

आता काम कसे करायचे, ते पाहू.

आधी गंज शोधा. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पायाखालचा पत्रा आणि बॅटरीखालची जागा नीट पाहा. दाराच्या तळाशी पाणी जायला छोटी भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते. ती मोकळी करा. पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तर तिथे लांबी भरू नका. लांबी पाणी शोषते. पत्राकाम करणाऱ्याकडून तेवढा तुकडा कापून नवा जोडून घ्या.

गंज निघाला, पत्रा चकचकीत झाला, की तो लगेच पुसून सुकवा आणि त्याच दिवशी अस्तर लावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी पुन्हा गंज! लांबी पातळ भरावी. ठोकून सरळ करता येईल तो खड्डा आधी ठोकून घ्यावा.

मग रंग कोणता? दिसणार नाही अशा जागी थिनरचे फडके घासून पाहा. जुना रंग फडक्याला लागला, तर तो बहुधा लॅकर. लॅकरचा थिनर उडून जातो आणि रंग झटकन सुकतो. इनॅमलवर लॅकर मारला, तर खालचा रंग सुरकुततो. म्हणून आधी थोड्या जागेवर मारून पाहावा.

रंगाचे पातळ पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला की ओघळ आलाच. गन पत्र्यापासून वीतभर दूर धरावी. हात सरळ रेषेत फिरवावा. एक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा.

आणि ती पांढुरकी साय? थिनर उडताना पत्रा गार पडतो. पावसाळी हवेतले पाणी त्यावर दवासारखे बसते. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही जानेवारी धरला. सकाळचे दव गेल्यावर सावलीत रंग मारला. साय आली नाही.

थिनरची वाफ जमिनीवरून पसरते आणि ठिणगीने पेट घेते. जवळ चूल, विडी, गॅस नको. वारा खेळता हवा. वाफेसाठी डबीचा मास्क वेगळा असतो, तो लावा. हार्डनर घालून मारायचा दोन डब्यांचा रंग मात्र घरी फवारू नये. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो. ते काम योग्य सोय असलेल्या कारखान्यातच करून घ्यावे.

शेवटी कागदपत्रांची गोष्ट. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. रंग बदलायचा असेल, तर आधी आरटीओ कचेरीत विचारा. चेसिस नंबरावर लांबी-रंग चढू देऊ नका. तपासणीत तो वाचता आला पाहिजे.

दुसऱ्या वेळी कामाला अडीच महिने लागले. त्यांतले रंग मारण्याचे दिवस फक्त तीन. बाकी सारे घासणे, पुसणे आणि थांबणे. त्यानंतर दोन पावसाळे गेले. दारांच्या कडांना फोड नाही. अप्पा रोज सकाळी कडेवरून बोट फिरवून पाहतात. भाची आता गाडीत बसून भोंगा वाजवते.

वरचा रंग डोळ्यांना दिसतो. पण तो टिकतो खालच्या कामावर. घाई करू नका, आणि धूळ घरात आणू नका.