धूर सोडणाऱ्या मोटारीचें दान

जुनीं लुगडीं आणि विटलेले कोट बोहारणीला देऊन तिच्याकडून एखादें पातेलें घ्यावयाचें, हा व्यवहार आपल्या घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्यांत घासाघीस होते, पण त्याला कोणी दान म्हणत नाहीं. तेंच लुगडें गरजू बाईला दिलें तर तें दान होतें. आणि फाटकें लुगडें धडकें म्हणून दिलें तर त्याला काय म्हणावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आज ज्या दानाविषयीं मी बोलणार आहें, त्यांत हे तीनहि प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. तें दान म्हणजे अमेरिकेंत धुराच्या परीक्षेंत नापास झालेली मोटार धर्मादाय संस्थेला देऊन टाकणें. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें त्या देशांत राहतात. तेव्हां श्रोतेहो, हा प्रश्न आपल्याला अगदींच परका नाहीं. उदाहरणादाखल कॅलिफोर्निया राज्य घेऊं.

प्रथम ही परीक्षा कां आली तें पाहूं. जुलै १९४३ मध्यें लॉस एंजल्स शहरावर एके दिवशीं इतकें दाट धुरकें उतरलें कीं लोकांचे डोळे चुरचुरूं लागले व घसे खवखवूं लागले. पुढें १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें त्याचें कारण उलगडून दाखविलें. मोटारी व तेलाचे कारखाने यांतून बाहेर पडणारीं हायड्रोकार्बनें आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होते, त्यांतून ओझोन तयार होतो, आणि डोंगरांनीं वेढलेल्या त्या खोऱ्यांत ही हवा कोंडून राहते. म्हणजे प्रत्येक घरची मोटार हीच त्या धुरक्याची एक लहानशी भट्टी होती.

१९८४ पासून कॅलिफोर्नियांत 'स्मॉग चेक' नांवाची परीक्षा सुरू झाली. बहुतेक जुन्या मोटारींना ती दर दोन वर्षांनीं द्यावी लागते. मोटारीचा मालक बदलतांनाहि सामान्यतः दाखला लागतो, आणि खाजगी विक्रींत तो मिळवून देण्याची जबाबदारी विकणाराची असते. १९७५ पर्यंतच्या बनावटीच्या पेट्रोल-मोटारींना या परीक्षेंतून माफी आहे. २००० सालच्या व त्यानंतरच्या पेट्रोल-मोटारींच्या नळीशीं आतां यंत्र लावीत नाहींत. गाडींतल्या संगणकाला तार जोडून त्यानें नोंदविलेले दोष वाचतात.

म्हणूनच नापास होण्याचीं कारणें सारख्या योग्यतेचीं नसतात. बॅटरी नुकतीच काढून बसविली असेल तर संगणकाची स्मृति पुसली जाते, आणि त्यानें आपल्या अंगोपांगांची तपासणी पुन्हां पुरी करीपर्यंत गाडी उत्तीर्ण होत नाहीं. कांहीं दिवस नेहमींप्रमाणें गाडी चालविली कीं हें कारण बहुधा आपोआप नाहींसें होतें. पेट्रोलच्या टाकीचें झांकण सैल असेल तरीहि वाफ निसटते, आणि गाडी नापास होऊं शकते. याच्या उलट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असेल तर दुखणें मोठें. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंच्या लेपावरून जातांना विषारी वायु पुष्कळसे निरुपद्रवी व्हावेत, हें त्याचें काम. तो नवा बसविण्याचा खर्च कधीं कधीं जुन्या गाडीच्या किंमतीहून अधिक होतो. तेव्हां दान करण्यापूर्वीं निदान करून घ्यावें. झांकण सैल आहे म्हणून गाडी देऊन टाकणें हें औदार्य नव्हे, अज्ञान होय. शिवाय बेताच्या मिळकतीच्या मालकांना दुरुस्तीसाठीं साहाय्य देण्याची, आणि सदोष गाडी कायमची मोडींत काढणारास मोबदला देण्याची, अशा दोन्ही योजना त्या राज्यांत आहेत. त्यांच्या अटी वेळोवेळीं बदलतात, म्हणून त्या आधीं पाहून घ्याव्यात.

आतां दानाकडे वळूं. आपण दिलेली मोटार संस्थेच्या दारांत जाते आणि तेथें कोणा अनाथाच्या उपयोगीं पडते, असें चित्र आपल्या मनांत असतें. बहुतेक वेळीं तसें घडत नाहीं. एक मध्यस्थ कंपनी गाडी ओढून नेते, ती लिलांवांत किंवा भंगारवाल्याला विकली जाते, आणि ओढून नेण्याचा व विक्रीचा खर्च आणि मध्यस्थाचा वाटा वजा जाऊन उरेल तें संस्थेच्या पदरीं पडतें.

पूर्वीं दाता गाडीचा बाजारभाव स्वतःच ठरवी, आणि तितकी रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबांतून वजा करी. २००३ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासनीस कचेरीनें चौकशी केली, तेव्हां दात्यांनीं मांडलेली किंमत व संस्थांना मिळालेली रक्कम यांत फार मोठें अंतर आढळलें. त्यावर २००४ सालीं कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून तो अमलांत आला. त्याप्रमाणें ५०० डॉलरांहून अधिक वजावट मागावयाची असल्यास, संस्थेनें गाडी जितक्यास विकली तितकीच सामान्यतः मागतां येते. विक्री ५०० डॉलरांत किंवा त्याहून कमींत झाली, तर बाजारभाव व ५०० डॉलर यांपैकीं जें कमी असेल तें. संस्थेनें गाडी खरोखर आपल्या कामाला लावली, उदाहरणार्थ वृद्धांना जेवण पोंचविण्यासाठीं, किंवा तिच्यांत मोठी सुधारणा केली, किंवा गरजूला अगदीं अल्प किंमतींत दिली, तर मात्र बाजारभाव धरतां येतो. परंतु तो भाव नापास गाडीचा, धडधाकट गाडीचा नव्हे. शिवाय बहुतेक अमेरिकन कुटुंबें खर्चांची वेगवेगळी यादी न देतां सरसकट ठरलेली वजावट घेतात. त्यांना या दानामुळें करांत कांहींच सूट मिळत नाहीं. त्यांच्या हातीं बोहारणीचें पातेलें येतच नाहीं. उरतें तें निव्वळ दान. तें निव्वळ असेल तर मग तें नीट कां करूं नये?

नीट करावयाचें म्हणजे काय? गाडी परवानाधारक मोडकाम करणाराला आपणच विकून आलेली रक्कम संस्थेला दिली, तर मध्यस्थाचा वाटा वांचतो आणि संस्थेला बहुधा अधिक मिळतें. गाडीच द्यावयाची असेल तर तिच्या पैशांतून आपल्या हातीं किती येतें, हें संस्थेला निःसंकोच विचारावें. परीक्षेचा अहवाल गाडीबरोबर द्यावा. मालकीचा कागद रीतसर करून मोटार-खात्याला पांच दिवसांच्या आंत हस्तांतराची सूचना द्यावी. नाहीं तर ती गाडी कोठें तरी उभी राहिली म्हणून होणारा दंड जुन्या मालकाच्या दारीं येतो. आणि धर्म म्हणून ती एखाद्या ओळखीच्या गरीब विद्यार्थ्याला मात्र तशीच देऊं नये. दाखल्यावांचून त्याच्या नांवावर तिची नोंदणी होणार नाहीं, आणि दुरुस्तीला त्याच्याजवळ पैसे नसणार. आपलें दान त्याच्या गळ्यांतलें लोढणें होईल.

याहून मोठा प्रश्न धुराचा आहे. लिलांवांत गेलेली गाडी कोणी नीट दुरुस्त केली तर उत्तमच. पण जेथें अशी परीक्षा नाहीं अशा ठिकाणींहि ती जाऊं शकते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०१५ ते २०१८ या काळांत युरोप, जपान व अमेरिका येथून सुमारें १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी परदेशीं गेल्या, आणि त्यांपैकीं सुमारें ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. धूर नाहींसा होत नाहीं. तो फक्त गरिबाच्या अंगणांत जातो.

कठोपनिषदांतली कथा आपण सर्व जाणतां. बाप यज्ञांत म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देत होता, आणि तें पाहून लहानग्या नचिकेत्याच्या मनांत श्रद्धा जागी झाली. अशा दानानें दात्याचें कल्याण कसें होणार, अशी शंका त्याला आली. गाईनें म्हातारें होणें हा कांहीं गुन्हा नव्हे. तिची जागा पांजरपोळांत आहे, दक्षिणेंत नाहीं. नापास मोटारीलाहि असा पांजरपोळ आहे. तेथें तिचें तेल काढून घेतात, लोखंड वितळवितात, कन्व्हर्टरांतल्या मोलाच्या धातु वेगळ्या करतात, आणि तिचा धूर कायमचा थांबतो. गाडीला तेथें पोंचवून मिळालेले चार पैसे संस्थेच्या पेटींत टाकले, तर घरांतल्या नचिकेत्यानें विचारलेल्या प्रश्नाला आपल्याला मान खालीं न घालतां उत्तर देतां येईल.